फोर्ट मायर्सची एडिसन-फोर्ड हिवाळी घरं: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

अमेरिकेत मुलांकडे आलेले आई-बाबा, नाताळच्या सुट्टीत ऑर्लंडोला निघालेलं कुटुंब, मायामीहून टँपाकडे जाताना ‘वाटेत एडिसनचं घर पण आहे म्हणे’ म्हणून गाडी वळवणारी मंडळी. फोर्ट मायर्सला आपली माणसं बहुतेक अशीच पोचतात, आणि तीही दुपारी साडेतीनला. तिकीट काढलं की समोर म्युझियम दिसतं, त्यात तास जातो. मग उन्हातून रस्ता ओलांडून घरांपाशी गेल्यावर कळतं की आत शिरायचं नसतं, बाहेरूनच डोकवायचं असतं. तोवर मुलं कंटाळलेली, बाबांचे गुडघे बोलायला लागलेले. प्रयोगशाळा राहूनच जाते. घरी आल्यावर अभिप्राय ठरलेला: ‘बरं आहे, पण काही विशेष नाही.’

क्रम चुकला की ही जागा खरोखरच काही विशेष वाटत नाही. कॅलूसाहॅची नदीच्या काठी थॉमस एडिसन आणि हेन्री फोर्ड यांची शेजारी-शेजारी घरं, रस्त्याच्या अलीकडे वनस्पतींवर प्रयोग करायची प्रयोगशाळा, आणि या सगळ्याभोवती वीस एकरांहून मोठी बाग, असा हा पसारा आहे. माझ्या मते घरं म्हणजे तिकिटाची निम्मी किंमत. उरलेली निम्मी प्रयोगशाळेत आणि झाडांत वसूल होते, आणि लोक नेमकं तेच घाईत उरकतात. म्हणून खालचा क्रम.

## १. कोणतं ‘एडिसनचं घर’ ते आधी पक्कं करा

ही चूक हसण्यावारी नेऊ नका. एडिसनच्या नावाच्या जागा अमेरिकेत इतक्या आहेत की बुकिंग करताना भल्याभल्यांचा घोळ होतो.

न्यू जर्सीतलं एडिसन हे गाव आपल्या लोकांना ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांमुळे पाठ असतं. तिथे मेनलो पार्कच्या प्रयोगशाळेची मूळ जागा आहे, हिवाळी घर नाही. एडिसन जिथे कायम राहायचा ते ‘ग्लेनमाँट’ हे घर आणि त्याची मोठी प्रयोगशाळा न्यू जर्सीतच, पण वेस्ट ऑरेंजला आहे. ती जागा नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला फोर्डने ग्रीनफिल्ड व्हिलेज उभारलं, त्यात मेनलो पार्कची प्रयोगशाळा पुन्हा बांधलेली आहे. फोर्ट मायर्सची पहिली प्रयोगशाळासुद्धा फोर्डने उचलून तिथेच नेली. त्यामुळे फोर्ट मायर्सला आज जी दिसते ती नंतरची, १९२८ची.

हिवाळी घरं फक्त फ्लोरिडात. जागेचं पूर्ण नाव ‘एडिसन अँड फोर्ड विंटर इस्टेट्स’, पत्ता २३५०, मॅकग्रेगर बुलेव्हार्ड, फोर्ट मायर्स. जीपीएसमध्ये हा पत्ता जसाच्या तसा टाका. नुसतं ‘एडिसन’ टाकलंत तर त्याच शहरातला एडिसन मॉल किंवा एडिसन ब्रिज पुढे येतो. ‘फोर्ड्स गॅराज’ टाकलंत तर बर्गरच्या रेस्टॉरंटसमोर जाऊन उभे राहाल.

सावधान: फोर्ट मायर्स, फोर्ट मायर्स बीच आणि फोर्ट लॉडरडेल ही तीन वेगळी गावं आहेत. बीच त्याच भागात आहे, पण हंगामात तिथून शहरात यायला बराच वेळ लागतो. लॉडरडेल तर राज्याच्या दुसऱ्या, अटलांटिक किनाऱ्यावर. स्वस्त दिसलं म्हणून चुकून तिथलं विमान घेतलंत तर पुढे दोन तासांहून जास्त गाडी हाकावी लागेल. फोर्ट मायर्सच्या विमानतळाचा कोड आरएसडब्ल्यू.

तपासा: तुमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो इथे चालत नाही. ही जागा एक ना-नफा संस्था चालवते, तिकीट वेगळंच काढावं लागतं.

## २. महिना ठरवा

दोघे उद्योगपती इथे हिवाळ्यातच का यायचे, ते ऑगस्टमध्ये गेलात की अंगाला कळेल. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते. जानेवारीत दुपारी पारा २४ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, पहाटे १२ पर्यंत उतरतो. उत्तरेकडून थंडीची लाट आलीच तर त्याहूनही खाली.

जून ते सप्टेंबर घामाच्या धारा आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस, जवळजवळ रोजचाच. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. २८ सप्टेंबर २०२२ला इयन चक्रीवादळाने या भागाची दाणादाण उडवली होती. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरचं बुकिंग करायचंच असेल तर रद्द करता येईल असंच करा.

मात्र हिवाळ्यातही सगळे आठवडे सारखे नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडचे निवृत्त लोक मुक्कामाला आलेले असतात, त्यात एडिसनच्या वाढदिवसाच्या महिन्यातला प्रकाशोत्सव, आणि वर बेसबॉलच्या दोन मोठ्या संघांची सराव शिबिरं. हॉटेलचे दर चढलेले, रस्ते तुंबलेले. जानेवारीचा पहिला आठवडा सरला की महिनाअखेरपर्यंतचे दिवस मला सगळ्यांत सोयीचे वाटतात. एप्रिलचा उत्तरार्धही बरा, फक्त ऊन तापू लागलेलं असतं.

डिसेंबरमध्ये संध्याकाळी घरांवर रोषणाई असते. त्याचं तिकीट वेगळं असतं आणि ती दिवसाच्या भेटीची भरपाई नव्हे. दिव्यांत बाग सुरेख दिसते, पण प्रयोगशाळा आणि झाडं पाहायची तर उजेड हवा.

तपासा: थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला जागा बंद असते. नाताळच्या सुट्टीत फ्लोरिडाला जाणारी मंडळी नेमकी २५ तारखेलाच दारात उभी राहतात.

## ३. गाडी, टोल, मुक्काम

गाडीशिवाय जमणं कठीण. टँपाहून आय-७५ महामार्गाने दक्षिणेकडे सव्वादोन-अडीच तास, ऑर्लंडोहून अडीच ते तीन, मायामीहून साधारण अडीच. मायामीकडून येताना लागणारा ‘अ‍ॅलिगेटर अ‍ॅली’ हा टप्पा एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून सरळसोट जातो. पेट्रोल आणि स्वच्छतागृहं मोजक्याच ठिकाणी आहेत. निघण्याआधी टाकी भरा, ज्येष्ठांना ‘पुढे थांबू’ असं सांगू नका.

या टप्प्यावर टोल आहे आणि रोख घेणारी खिडकी नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल रेंटल कंपनीकडे जातं, त्यावर कंपनी आपला आकार लावते. गाडी ताब्यात घेतानाच टोलची योजना काय, दिवसाला किती लागतात आणि टोल लागला नाही त्या दिवशीही लागतात का, एवढं काउंटरवर स्पष्ट विचारा. स्वतःची गाडी असेल आणि न्यू जर्सी-न्यूयॉर्कचा ई-झेडपास असेल तर तो फ्लोरिडाच्या टोलवर चालतो.

आय-७५वरून १३६ क्रमांकाचा एक्झिट, कलोनियल बुलेव्हार्ड, पश्चिमेकडे. पुढे मॅकग्रेगरवर उजवीकडे वळलात की दोन्ही बाजूंना रॉयल पामची उंच रांग सुरू होते. त्या रांगेची सुरुवात एडिसननेच केली होती. ड्रायव्हर सोडून बाकीच्यांनी वर बघावं.

मुक्काम फोर्ट मायर्सच्या जुन्या शहरात, म्हणजे डाउनटाउनमध्ये केलात तर इस्टेट दीडएक मैलावर. समुद्राचा मोह असेल तर दोन रात्री काढा: एक शहरात, एक बीचवर. बीचवर राहून सकाळी नऊला इस्टेटच्या दारात पोचायचा बेत कागदावरच छान दिसतो.

## ४. तिकीट: कोणतं, कधी

जागा साधारणपणे सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच उघडी असते. आदल्या दिवशी संकेतस्थळावर वेळ बघाच, कारण लग्नं, कार्यक्रम आणि वादळं यांमुळे बदल होतात.

मुख्य पर्याय दोन. एक, आपलं आपण फिरायचं, सोबत ऑडिओ. दुसरा, जाणकार मार्गदर्शकासोबत ठरावीक वेळेची फेरी. ती थोडी महाग, पण तिच्या तिकिटात नंतर आपलं आपण हिंडायची मुभाही असते. पहिल्यांदा जाताय आणि सोबतच्यांना इंग्रजी ऐकायला जड जात नसेल तर सकाळच्या फेरीचे जास्तीचे पैसे जरूर मोजा. घरांच्या आत जाता येत नसल्यामुळे कशाकडे बघायचं हे सांगणारं माणूस इथे फार उपयोगी पडतं. आई-बाबांना अमेरिकन उच्चार कळत नसतील तर साधं तिकीट घ्या आणि ऑडिओ ऐकून तुम्हीच मराठीत सांगा. घाई नको, प्रत्येक फलकापाशी थांबायचीही गरज नाही.

बागांचं खास तिकीट असेल तर ते झाडांची आवड असलेल्यांनीच घ्यावं. नाइलाजाने सोबत आलेला माणूस तिसऱ्या झाडापाशीच घड्याळ बघू लागतो.

तपासा: तिकीट काढताना खिडकीवरच विचारा, ‘आज काय बंद आहे?’ एवढ्या जुन्या लाकडी घरांची दुरुस्ती सतत चालू असते. कधी एखादा व्हरांडा बंद, कधी धक्क्याचा भाग. आधी कळलं की क्रम बदलता येतो.

## ५. आदल्या रात्री भरायची पिशवी

- पायाला सरावलेले बूट. विटांची, खडीची आणि मुळांनी उचललेली वाट आहे. नव्या सँडल्सची चाचणी इथे नको.
- टोपी, सनस्क्रीन, प्रत्येकी एक पाण्याची बाटली.
- डासांचा मलम किंवा फवारा. नदीकाठ आणि दाट झाडी, हिवाळ्यातही संध्याकाळी लागतो.
- सकाळसाठी पातळ स्वेटर. न्यू जर्सीचं जाड जॅकेट गाडीतच राहू द्या.
- गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी काठी. व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा, तिथे गेल्यावर मिळेलच असं धरून चालू नका.
- शाकाहारी मंडळींसाठी पोटाला आधार: ठेपले, दशम्या, चिवडा, जे असेल ते. हे गाडीत ठेवायचं. घरांच्या व्हरांड्यावर आणि प्रयोगशाळेत खाणं काढू नका.

## ६. पहिला टप्पा: म्युझियम सोडा, रस्ता ओलांडा

पार्किंग, तिकीटघर, म्युझियम, प्रयोगशाळा आणि मोठा वड हे सगळं मॅकग्रेगर रस्त्याच्या अलीकडे. घरं आणि नदी पलीकडे. आत शिरताच म्युझियमचा गारवा बोलावतो. जाऊ नका. सकाळचे पहिले दोन तास ऊन कोवळं असतं, ते नदीकाठासाठी ठेवा. म्युझियमचा एसी दुपारी बाराला जास्त कामाचा.

रस्ता आखून दिलेल्या जागीच ओलांडा. वाहता रस्ता आहे, मुलांचे हात धरा.

पलीकडे गेल्यावर बहुतेकजण पहिल्या दिसेल त्या घराकडे पळतात. आधी थेट नदीपर्यंत जा आणि पाठ नदीकडे करून घरांकडे बघा. त्या काळी इथे पाहुणे आणि सामान बोटीने यायचं, त्यामुळे घराचं खरं तोंड नदीकडेच आहे. एडिसनने ही जागा १८८५मध्ये घेतली. घरांचे लाकडी भाग उत्तरेकडच्या मेन या राज्यात कापून जहाजाने इथे आणले आणि १८८६मध्ये जोडले.

घरं दोन, जवळजवळ जुळी. एक एडिसनचं, दुसरं त्याचा मित्र आणि भागीदार एझ्रा गिलिलँडचं. पुढे दोघांचं बिनसलं आणि ते दुसरं घर कालांतराने एडिसनकडेच येऊन पाहुण्यांचं घर झालं. ‘दोन्ही घरं सारखीच, एक पाहिलं की झालं’ असं म्हणून लोक दुसरं टाळतात, आणि स्वयंपाकघर-जेवणघर नेमकं त्याच दुसऱ्या घरात आहे. आपल्या आयांना सगळ्यांत जास्त रस त्यातच असतो, ते चुकवू नका.

डोकवायचं कसं: व्हरांड्यावरून दारा-खिडक्यांतून आत बघायचं असतं. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार, त्यामुळे पहिल्या क्षणी काहीच दिसत नाही आणि लोक लगेच पुढे सरकतात. दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूला धरा, चेहरा जवळ न्या, दहा-पंधरा सेकंद थांबा. आधी छताकडे बघा. पितळेची विजेची झुंबरं एडिसनच्याच कारखान्यातली आहेत, दिव्यांची तोंडं खाली वळवलेली. मेणबत्ती किंवा गॅसची ज्योत वर जाते म्हणून जुन्या झुंबरांची तोंडं वर असायची. विजेला ते बंधन उरलं नाही. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या प्रत्येक खोलीत मुलं आपणहून वर बघतात.

पुढे पोहण्याचा तलाव लागेल, १९१०चा, एडिसनच्याच कंपनीच्या पोर्टलंड सिमेंटचा. दोन मिनिटं पुरेत. त्यानंतरची चांदण्यातली बाग, ‘मूनलाइट गार्डन’, १९२९मध्ये एलन बिडल शिपमन या उद्यानरचनाकार बाईंनी आखलेली. जुनी प्रयोगशाळा उचलून मिशिगनला नेली, तिच्या जागी ही बाग झाली. दिवसा ती साधीच वाटते. मधल्या पाण्यात काय प्रतिबिंब दिसतं ते बघा आणि निघा.

रस्त्याच्या बाजूला केअरटेकरचं घर आहे. ते एडिसनच्याही आधीचं. आजचा मॅकग्रेगर रस्ता तेव्हा गुरं बंदराकडे हाकत नेण्याची वाट होती आणि हे त्या गुराख्यांच्या काळातलं घर. जवळजवळ कोणीच थांबत नाही. मला सगळ्या आवारात ते घर फार आवडतं, कारण त्यात श्रीमंतीचा मागमूस नाही.

मग फोर्डचं घर. दोन्ही आवारांमध्ये एक छोटं फाटक आहे, तिथून पलीकडे जायचं. घराचं नाव ‘द मँगोज’, बांधलेलं १९११ला, फोर्डने घेतलं १९१६ला. एवढ्या धनाढ्य माणसाचा बंगला म्हणून अपेक्षा वाढवून जाल तर हिरमोड होईल, बेताचंच घर आहे. आणि एक फरक ध्यानात ठेवा. एडिसनच्या पत्नीने, मीना एडिसनने, १९४७मध्ये आपली मालमत्ता शहराला दिली, त्यामुळे तिकडच्या घरात मूळच्या वस्तू बऱ्याच आहेत. फोर्डचं घर मात्र १९४५मध्ये विकलं गेलं आणि शहराने ते १९८८मध्ये घेतलं. इथलं फर्निचर त्या काळाला साजेसं म्हणून मांडलेलं आहे. फोर्डच्या खुर्चीकडे बोट दाखवून फोटो काढण्याआधी फलक वाचा. घराशेजारचं गॅराज आणि त्यातल्या गाड्या मुलांसाठी.

सावधान: जून-जुलैत झाडांवर आंबे दिसतील, खाली पडलेलेही दिसतील. हात लावू नका, वेचू नका. दगड मारण्याचा तर विषयच नको.

तपासा: साडेअकराच्या सुमारास तुम्ही रस्ता परत ओलांडत असाल तर गाडी रुळावर आहे.

## ७. वडाखाली

रस्त्याच्या अलीकडे आलात की तो समोरच. आपलाच वड, भारतातून आलेला. टायरवाल्या हार्वे फायरस्टोनने १९२०च्या दशकात एडिसनला दिला तेव्हा चारेक फुटांचं रोप होतं, आज जवळपास एकरभर जागा व्यापून बसलाय. पारंब्यांचे खांब इतके जाड झालेत की मूळ खोड कोणतं ते ओळखणं हाच एक खेळ होतो.

आपल्याकडच्या माणसांची इथे एक गंमत होते. ‘वड काय, गावात पाराजवळ आहे की’ म्हणत ते फोटो काढून पुढे जातात. थांबा. मुलांना विचारा, वडाचं पान तोडलं की काय होतं? चीक येतो. त्या चिकात रबर मिळतं का, किती मिळतं, यासाठीच एडिसनला या झाडांत रस होता. हा प्रश्न डोक्यात घेऊन आत गेलात तरच पुढची प्रयोगशाळा कळते, म्हणून वड आधी आणि प्रयोगशाळा नंतर.

सावधान: पारंब्यांना लोंबकळू नका, मुळांवर चढू नका, चीक दाखवायला खरोखर पान तोडू नका. वटपौर्णिमेच्या सुमारास जाणाऱ्यांनी दोरा गुंडाळायचा किंवा हळदकुंकू वाहायचा मोह आवरावा. हे संग्रहालयातलं झाड आहे, लांबूनच नमस्कार करा. आणि गडगडायला लागलं तर आडोशाला वडाखाली थांबू नका, इमारतीत जा. फ्लोरिडात विजा फार पडतात.

## ८. प्रयोगशाळा: इथे घाई करायची नाही

किमान पाऊण तास राखून ठेवा. एवढं काय आहे तिथे, असं वाटत असेल तर प्रश्न नीट समजून आत जा: पहिल्या महायुद्धानंतर रबराचे भाव आणि पुरवठा ब्रिटिशांच्या हातात होता. अमेरिकेत गाड्या वाढत होत्या, टायरला रबर हवं होतं. अमेरिकेच्या मातीत पटकन वाढेल असं रबराचं झाड शोधायचं म्हणून एडिसन, फोर्ड आणि फायरस्टोन यांनी १९२७मध्ये कंपनी काढली. एडिसन तेव्हा ऐंशीचा होता.

आत यंत्रं, बाटल्या, नळकांडी एवढी आहेत की नजर भिरभिरते आणि माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो. त्यावर उपाय म्हणजे एखादी वाळलेली फांदी मनात धरून तिचा प्रवास शोधत जा:

१. वाळवणं आणि दळणं. झाडाची पानं-काड्या वाळवून त्यांची पूड करायची. ती यंत्रं शोधा.

२. अर्क. काचेच्या उभ्या उपकरणांची रांग दिसेल. पुडीतून आधी अ‍ॅसिटोनने राळ धुऊन काढायची, मग बेंझिनने रबर विरघळवून वेगळं करायचं. द्रव तापून वाफ होतो, वर थंड होऊन पुडीवर ठिबकतो, भरला की आपोआप खाली जातो, पुन्हा तेच. रसायनशास्त्र शिकलेल्यांना सॉक्सलेटचं उपकरण चटकन ओळखू येईल.

३. मोजणं. किती पुडीतून किती रबर. १७ हजारांहून जास्त नमुन्यांवर हेच, असंच, पुन्हा पुन्हा केलं गेलं. निवड झाली ती गोल्डनरॉडची, माळावर उगवणारं पिवळ्या तुऱ्यांचं झुडूप. वड हरला, हे मुलांना सांगा.

४. कार्यशाळा. लेथ आणि इतर यंत्रं छताखालच्या फिरत्या दांड्यावरून उतरणाऱ्या पट्ट्यांवर चालायची, आपल्या जुन्या पिठाच्या गिरणीसारखी. पट्टा कुठून येतो आणि कुठल्या चाकावर जातो ते बोटाने हवेत गिरवत बघा.

‘बल्बचा शोध इथेच लावला का?’ हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. नाही. तो मेनलो पार्कला, १८७९मध्ये, या प्रयोगशाळेच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. मुलांना हे दारातच सांगून ठेवलं नाही तर ती आत सारखा बल्बच शोधत बसतात.

तपासा: बाहेर पडल्यावर मुलांना विचारा, ‘एडिसन इथे काय शोधत होता?’ उत्तर ‘बल्ब’ आलं तर परत आत जा, तिकीट दिवसभराचं आहे.

## ९. म्युझियम आणि दुकान

आता गारव्यात शिरा. फोनोग्राफ, बॅटऱ्या, चित्रपटाची यंत्रं, फोर्डने एडिसनला भेट दिलेली मॉडेल टी. बाहेरचं सगळं पाहून झालेलं असल्यामुळे इथे तास पुरतो. आधी बघितलंत तर याच वस्तूंना जास्त वेळ लागतो आणि डोक्यात काही राहत नाही.

बागेच्या दुकानात रोपं विकायला असतात. फ्लोरिडातच राहात असाल तर खुशाल घ्या. इतरांनी थांबून विचार करावा. लिंबूवर्गातली रोपं फ्लोरिडाबाहेर नेण्यावर रोगांमुळे कडक बंधनं आहेत. भारतात रोपं-बिया नेण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून नेण्याची हुशारी विमानतळावर महागात पडते.

## १०. उरलेल्या दिवसात काय बसतं, काय नाही

या क्रमाने दुपारी दोनच्या आसपास मोकळे होता. त्यानंतर सॅनिबल बेटावर जायचा मोह सगळ्यांना होतो. हंगामात त्या पुलावरची संध्याकाळची परतीची रांग अंगावर येते, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी, सकाळी.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये असाल तर त्यापेक्षा मॅनटी पार्क चांगलं. ऑरेंज नदीत वीज केंद्रातून कोमट पाणी सोडलं जातं, बाहेर थंडी वाढली की मॅनटी नावाचे अवाढव्य, संथ जलचर त्या पाण्यात गोळा होतात. मात्र ते दिसतात थंडीची लाट असताना, आणि सकाळी जास्त. म्हणून थंड हवेचा अंदाज असेल तर दुसऱ्या दिवशी उघडताच जा. उबदार आठवडा असेल तर तो बेत रद्द करा, नुसतं पाणी बघून याल.

आणि त्याच दिवशी मायामीला परतायचं असेल तर चारच्या आत निघा. अ‍ॅलिगेटर अ‍ॅली अंधारात हाकायला फार कंटाळवाणा रस्ता आहे, डुलकी लागते. रेंटल गाडी परत केल्यावर महिनाभर कार्डाच्या बिलावर नजर ठेवा. टोल बऱ्याचदा उशिरा लागतो, आणि पावती नसेल तर भांडायला हाती काही उरत नाही.